वाचकांचे प्रश्न : अमेरिकी बँकेचं व्याज आणि एफ-१ विद्यार्थी

जानेवारी संपता संपता बँकांचे फॉर्म येऊन पडतात आणि आमच्याकडे पत्रांची रीघ लागते. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत : बचत खात्यावरचं व्याज. खालची उत्तरं २०२५ या करवर्षासाठी आहेत, म्हणजे जे विवरणपत्र १५ एप्रिल २०२६पर्यंत भरायचं त्यासाठी. ‘अनिवासी’ हा शब्द अमेरिकी करकायद्याच्या अर्थाने वापरला आहे; एफ-१ विद्यार्थी किती वर्षं अनिवासी राहतो ते खाली ॲन आर्बरच्या उत्तरात आहे. भारताच्या कायद्यात कोण अनिवासी, हा हिशेब निराळा. तो जिथे लागतो तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न : ऑगस्ट २०२३मध्ये एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) आलो. ऑनलाइन बँकेतल्या बचत खात्यावर वर्षभरात १८६ डॉलर व्याज मिळालं आणि १०९९-आयएनटी (बँकेचा व्याजाचा फॉर्म) आला. रूममेट म्हणतो, फॉर्म आला म्हणजे आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) कळलंय, आता कर भरावाच लागणार. खरं का? (एम.एस.चा विद्यार्थी, डॅलस)

आयआरएसला कळलंय, इतकंच खरं. कर लागत नाही.

अनिवासी व्यक्तीने अमेरिकेतल्या बँकेत, सेव्हिंग्ज अँड लोन संस्थेत किंवा क्रेडिट युनियनमध्ये ठेवलेल्या ठेवीवरचं व्याज अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्यानेच करमुक्त आहे. कलम ८७१, पोटकलम आय. सूट दुहेरी कर टाळण्याच्या भारत-अमेरिका करारातून आलेली नाही, त्यामुळे करारातली अट, दर, कलम यांतलं काहीही इथे शोधू नका. बचत खातं, व्याज देणारं चेकिंग खातं, सीडी म्हणजे मुदत ठेव, सगळ्यांना ती लागू आहे. रकमेला वरची मर्यादा नाही. १८६ असोत की ४,०००, उत्तर तेच.

अट एक आहे. ते व्याज अमेरिकेतल्या व्यापारधंद्याशी निगडित नसावं. इथे विद्यार्थी हमखास अडखळतात, कारण कॅम्पसवरची नोकरी कायद्याच्या भाषेत ‘धंद्या’तच मोडते. पण पगार ज्या खात्यात जमा होतो त्या खात्यावरचं व्याज तेवढ्यावरून धंद्याचं होत नाही. पगाराचा कर पगारावर; शिल्लक पैसे बँकेत पडून वाढले, ती वेगळी गोष्ट.

आता फॉर्म भरताना. १०९९-आयएनटीच्या पहिल्या चौकटीतले १८६ डॉलर अनिवासींच्या विवरणपत्राच्या, म्हणजे १०४०-एनआरच्या, २बी ओळीत (करपात्र व्याज) लिहायचे नाहीत आणि शेड्यूल एनईसीवरही (धंद्याशी निगडित नसलेल्या करपात्र उत्पन्नाचं परिशिष्ट) न्यायचे नाहीत. शेड्यूल ओआयवर करारामुळे करमुक्त झालेलं उत्पन्न विचारतात. हे करारातलं नसल्याने तिथेही नाही. फॉर्म जपून फाइलला लावा. मात्र चौथी चौकट बघायला विसरू नका. तिथे आकडा असेल तर बँकेने २४ टक्क्यांनी कर कापून ठेवला आहे. ती रक्कम १०४०-एनआरच्या २५बी ओळीत दाखवा आणि परत घ्या.

राज्याचा कर आयआरएसच्या हिशेबाने चालत नाही. तुम्ही टेक्सासात आहात, तिथे वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, प्रश्न मिटला. इतर राज्यांत रहिवासी कोण हे राज्य स्वतः ठरवतं आणि फेडरल फॉर्मवर अनिवासी असलेला विद्यार्थी राज्याच्या फॉर्मवर रहिवासी ठरू शकतो. तिथे व्याजाच्या ओळीची सूचना वाचल्याशिवाय शून्य टाकू नका.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीला त्याच बँकेकडून १०४२-एस आला, मला १०९९-आयएनटी. दोघी एफ-१, दोघी भारतीय. मग फरक का? (पीएच.डी. विद्यार्थिनी, पर्ड्यू)

कारण तिने बँकेला डब्ल्यू-८बेन दिला आणि तुम्ही डब्ल्यू-९. बँकेच्या लेखी ती परदेशी आहे, तुम्ही अमेरिकी.

हे बहुतेकांच्या हातून खातं उघडतानाच होतं. ॲपवर सोशल सिक्युरिटी नंबर टाकला की खाली बारीक अक्षरात एक वाक्य येतं : ‘मी यू.एस. पर्सन असल्याचं प्रमाणित करतो.’ त्यावर टिक केली की तीच डब्ल्यू-९ची सही. खोटं बोलायचा कुणाचाच इरादा नसतो, पण पुढे जायचं बटण त्या टिकेशिवाय दाबलंच जात नाही. सोशल सिक्युरिटी नंबर असणं आणि करासाठी अमेरिकी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ॲपला ठाऊक नसतं.

मैत्रिणीच्या १०४२-एसवर उत्पन्नाचा संकेतांक २९ (ठेवीवरचं व्याज) आणि करसवलतीचा संकेतांक ०२ (अमेरिकी कायद्याने करमुक्त) दिसेल, कापलेला कर शून्य. हा फॉर्म मार्चच्या मध्यापर्यंत येतो, १०९९ त्याआधी दीड महिना. म्हणून बँकेचा कागद आलाच नाही अशी फेब्रुवारीत ओरड करू नका. दोन्ही फॉर्म साधारणपणे वर्षाचं व्याज १० डॉलर किंवा जास्त असेल तरच निघतात. पण तुमच्यावर कर लागतो की नाही हे कागदाच्या नावावरून ठरत नाही. त्या वर्षी तुम्ही अनिवासी होता की नव्हता, यावर ते ठरतं.

तरी दुरुस्ती करून घ्या, दरवर्षीचा घोळ वाचेल. डब्ल्यू-८बेन एका पानाचा आहे. पहिल्या ओळीत पासपोर्टवरचं नाव, दुसरीत नागरिकत्व, तिसरीत भारतातला कायमचा पत्ता (पोस्ट बॉक्स चालत नाही), चौथीत अमेरिकेतला पत्रव्यवहाराचा पत्ता. पाचवीत सोशल सिक्युरिटी नंबर, ६ए मध्ये पॅन, सातवीत खातं क्रमांक. आठवीत जन्मतारीख, आधी महिना मग दिवस. ७ मार्चची ३ जुलै करून ठेवणारे दरवर्षी भेटतात. दुसरा भाग कराराचा आहे, तो बँकेच्या व्याजासाठी कोरा ठेवा. तिसऱ्या भागात सही आणि तारीख. फॉर्म बँकेला द्यायचा, आयआरएसला नाही. यंदा सही केली तर तो ३१ डिसेंबर २०२९पर्यंत चालतो. मध्येच तुम्ही करासाठी निवासी झालात तर ३० दिवसांत बँकेला कळवायचं.

शाखेत गेलात तर काउंटरवरच्या माणसाला हा फॉर्म माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे. ‘डब्ल्यू-९ रद्द करून डब्ल्यू-८बेन लावायचा आहे’ अशाच शब्दांत मागणी करा, पासपोर्ट आणि आय-२० (विद्यापीठाने दिलेलं विद्यार्थी-प्रमाणपत्र) सोबत न्या, आणि दिलेल्या फॉर्मवर पोच घ्या.

प्रश्न : मागच्या वर्षीचं १०९९-आयएनटीवरचं व्याज दाखवलं नाही म्हणून आयआरएसचं सीपी२००० पत्र आलं. आता भरून टाकावं का? रक्कम ४० डॉलरच्या आत आहे. (विद्यार्थी, बफेलो)

भरू नका. संगणकाने बँकेचा आकडा आणि तुमचा फॉर्म जुळवून पाहिला, जुळला नाही, पत्र निघालं. त्याला शिक्षा समजायचं कारण नाही. पत्रासोबतच्या उत्तरपत्रिकेत ‘मान्य नाही’ अशी खूण करा. सोबत एका पानाचं निवेदन जोडा : आपण एफ-१वर आहोत, त्या वर्षी अनिवासी होतो, १०४०-एनआर आणि फॉर्म ८८४३ (विद्यार्थी म्हणून इथले दिवस मोजणीतून वगळा असं सांगणारा) भरले आहेत, हे व्याज बँक ठेवीवरचं असून कलम ८७१(आय) खाली करमुक्त आहे. व्हिसा, आय-२० आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) यांच्या प्रती लावा. पत्रावरच्या मुदतीच्या आत पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. ४० डॉलर भरून सुटणं सोपं वाटतं, पण मग आपण निवासी आहोत असं आपणच कबूल केल्यासारखं होतं.

प्रश्न : खातं उघडल्याबद्दल बँकेने ३०० डॉलर बोनस दिला. शिवाय शेअर्सच्या ॲपमध्ये पडून असलेल्या पैशांवर ‘४ टक्के’ मिळतात. हेही करमुक्त ना? (विद्यार्थिनी, जर्सी सिटी)

इथे सावध राहा. सूट ‘ठेवीवरच्या व्याजा’ला आहे, पैशाने आणलेल्या प्रत्येक पैशाला नाही.

अमुक रक्कम तीन महिने ठेवली म्हणून बँकेने दिलेला आणि १०९९-आयएनटीवर व्याज म्हणून आलेला बोनस आम्ही व्याजच धरतो. ‘मित्राला आणा, १०० डॉलर मिळवा’ यातले १०० डॉलर व्याज नाहीत. ते १०९९-एमआयएससीवर (किरकोळ उत्पन्नाचा फॉर्म) येतात, शेड्यूल एनईसीवर जातात आणि सपाट ३० टक्के लागतात. भारताच्या करारात ‘इतर उत्पन्ना’वर अमेरिकेला कर लावायची मोकळीक आहे, त्यामुळे तिथून आधार मिळत नाही.

ॲपचं उत्तर पैसे नेमके कुठे आहेत त्यावर आहे. महिन्याचं स्टेटमेंट उघडा. ॲपने रोख रक्कम भागीदार बँकांमध्ये ठेवली असेल आणि त्यापुढे एफडीआयसीचं (बँक ठेवींचा सरकारी विमा) संरक्षण लिहिलं असेल तर ती बँक ठेव, व्याज करमुक्त. पण रक्कम मनी मार्केट फंडात असेल तर तुमच्या हातात येतो तो लाभांश, पडद्यावर ‘व्याज’ लिहिलं असलं तरी. वर्षअखेर १०९९-डीआयव्ही आला तर ओळखा. लाभांशावर ३० टक्के; तुम्ही भारताचे करनिवासी असाल आणि डब्ल्यू-८बेनचा दुसरा भाग भरून दिला असेल तर करारातला २५ टक्के दर. काही फंड लाभांशाचा ‘व्याजातून आलेला’ भाग वेगळा जाहीर करतात, तो भाग अनिवासींना करमुक्त असतो. फंडाच्या वर्षअखेरच्या करपत्रकात तो शोधावा लागतो. हातात राहणारा पैसा बघितला तर विद्यार्थ्यासाठी साधं बँक खातं आकर्षक फंडापेक्षा सरस ठरतं. ४ टक्क्यांतले ३० टक्के गेले की उरतात २.८.

प्रश्न : मुलगा बोस्टनला शिकतो. सांगलीत त्याच्या नावे बचत खातं आणि एफडी आहे. त्याने ते व्याज अमेरिकेत दाखवायचं का? आणि इथे काही बदल करायचा का? (एक आई, सांगली)

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर : तो अमेरिकेत अनिवासी आहे तोवर नाही. अनिवासीचं भारतातलं व्याज अमेरिकेच्या करात येत नाही, आणि परदेशी खात्यांची माहिती देणारा एफबीएआरही त्याला लागू नाही. तुम्ही फीसाठी पाठवता ते पैसेही त्याचं उत्पन्न नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होतं. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३च्या परिपत्रकात परदेशी शिकायला गेलेल्यांना परकीय चलन कायद्यापुरतं अनिवासी भारतीय मानलं आहे. त्यामुळे त्याचं साधं बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासींचं भारतातल्या पैशांसाठीचं रुपया खातं) बदलायला हवं. एकदा ते झालं की बँक व्याजातून ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापते. पहिल्या रुपयापासून. भारतातलं त्याचं एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर आयटीआर-२ भरून सगळं परत मिळतं. ज्या वर्षी तो भारतातही अनिवासी असेल त्या वर्षी आयटीआर-१ चालत नाही, हे लक्षात असू द्या.

कुणी सांगेल की करारानुसार टीडीएस १५ टक्केच कापून घ्या. त्यासाठी अमेरिकेचं निवासी प्रमाणपत्र, फॉर्म ६१६६, लागतं आणि १०४०-एनआर भरणाऱ्याला ते साधारणपणे मिळत नाही. तेव्हा टीडीएस जाऊ द्या, रिफंड घ्या. त्याने डॉलरमधून पाठवलेल्या पैशांसाठी एनआरई खातं उघडलंत तर त्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे.

प्रश्न : १० ऑगस्ट २०२५ला भारत सोडला. अमेरिकेत व्याज करमुक्त, भारतात मी एनआरआय. म्हणजे दोन्हीकडे शून्य? (विद्यार्थी, ॲरिझोना)

पहिल्या वर्षी बहुधा नाही. एप्रिलपासून १० ऑगस्टपर्यंत तुम्ही भारतात १३२ दिवस होता. १८२ भरले नाहीत, पण आयकर कायद्यात दुसरी कसोटीही आहे : वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५. ही तुम्हाला लागू होते. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला ६०ऐवजी १८२ची सवलत आहे. शिकायला जाणं त्यात बसत नाही. म्हणून २०२५-२६ या आर्थिक वर्षात तुम्ही भारताचे निवासी. परकीय चलन कायदा तुम्हाला विमान सुटल्यापासून अनिवासी म्हणतो, आयकर कायदा मार्चअखेरपर्यंत म्हणत नाही. दोन कायदे, दोन उत्तरं. ‘मी एनआरआय आहे’ या वाक्यापुढे ‘कोणत्या कायद्याने?’ हे विचारायची सवय लावून घ्या.

याचे दोन परिणाम. ऑगस्ट ते मार्चचं अमेरिकी बँकेचं व्याज भारतातल्या विवरणपत्रात येतं. ३१ मार्चच्या स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने (बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो) रुपयांत आणायचं. अमेरिकेत कर भरलेलाच नाही, त्यामुळे वजावटीला काही नाही. दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा : परदेशी खातं असलेल्या सामान्य निवासीला उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरावंच लागतं आणि शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट) मध्ये खातं दाखवावं लागतं. त्या शेड्यूलचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, म्हणून ३१ डिसेंबर २०२५ची शिल्लक आणि वर्षातली सर्वाधिक शिल्लक आत्ताच उतरवून ठेवा. फीचे पैसे दोन दिवस खात्यात येऊन गेले असतील तर सर्वाधिक शिल्लक तीच. स्थावर सोडून परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर ती दाखवायची राहिल्याबद्दलचा १० लाखांचा दंड १ ऑक्टोबर २०२४पासून लागत नाही. पण दाखवायचं कर्तव्य सुटलेलं नाही.

पुढच्या वर्षापासून सुटीत महिना-दोन महिने घरी आलात तरी, इतर काही बदललं नाही तर, तुम्ही आयकरातही अनिवासी राहाल.

प्रश्न : ऑगस्ट २०२०मध्ये आलो, अजून पीएच.डी. चालू आहे. यंदाही व्याज करमुक्तच ना? (ॲन आर्बर)

नाही. एफ-१ विद्यार्थ्याची पाच कॅलेंडर वर्षं दिवसांच्या मोजणीतून वगळतात आणि वर्षाचा एक दिवस जरी इथे काढला तरी ते वर्ष खर्ची पडतं. तुमची २०२०, २१, २२, २३ आणि २४ संपली. २०२०मधले चार महिने तुम्हाला अख्ख्या वर्षाला पडले. २०२५मध्ये १८३ दिवस इथे होता तर १ जानेवारी २०२५पासून निवासी. फॉर्म १०४० (निवासींचं विवरणपत्र), व्याज पूर्ण करपात्र, आणि फक्त इथलं नाही, जगातलं सगळं. एनआरईचंसुद्धा, भारतात ते करमुक्त असल्याशी अमेरिकेला देणंघेणं नाही. बँकेला डब्ल्यू-८बेन दिला असेल तर आता डब्ल्यू-९ द्या.

शेड्यूल बीच्या तिसऱ्या भागात परदेशी खात्याचा प्रश्न येतो. वर्षात कोणत्याही क्षणी सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर भरायचा. तो आयआरएसच्या फॉर्मसोबत जात नाही, फिनसेन या अमेरिकी अर्थखात्याच्या वेगळ्या विभागाच्या साइटवर भरतात. मुदत १५ एप्रिल, न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढलेली. एका खात्यात ६,००० आणि दुसऱ्यात ४,५०० असले तरी दोन्ही दाखवायची. आईबाबांच्या खात्यावर सोयीसाठी तुमचं दुसरं नाव असेल तर तेही मोजायचं, आणि पूर्ण रकमेने. हे नाव बहुतेकांच्या लक्षातही नसतं. घरी फोन करून विचारा.

प्रश्न : १ ऑक्टोबर २०२५ला एच-१बी (नोकरीचा व्हिसा) सुरू झाला. आल्याला चारच वर्षं झाली. व्याजाचे दोन तुकडे करायचे का? (सिॲटल)

नाही. एफ-१वरचे आधीचे दिवस वगळले जातात; ऑक्टोबर ते डिसेंबर ९२ दिवसच मोजले जातात, १८३ होत नाहीत. २०२५ पूर्ण अनिवासी, व्याज करमुक्त. २०२६चं चित्र वेगळं असेल.

प्रश्न : नेहमीच्या सॉफ्टवेअरने १०४० भरला, व्याजही दाखवलं, रिफंडही आला. नंतर कळलं की १०४०-एनआर हवा होता. (विद्यार्थी, शार्लट)

सर्वसाधारण सॉफ्टवेअर १०४०च बनवतं. ‘तुम्ही अनिवासी आहात का’ हे ते धड विचारत नाही. दुरुस्ती करा : १०४०-एक्स भरा आणि त्याला बरोबर भरलेला १०४०-एनआर आणि ८८४३ जोडा. व्याजावर भरलेला कर परत मिळेल. पण १०४०वर शिक्षणाचं क्रेडिट घेतलं असेल तर ते परत द्यावं लागेल आणि ती रक्कम व्याजाच्या करापेक्षा बरीच मोठी असू शकते. प्रमाणित वजावटीबद्दल घाबरू नका. भारतीय विद्यार्थ्यांना ती कराराच्या कलम २१(२)मुळे १०४०-एनआरवरही मिळते. २०२५साठी १५,७५० डॉलर.

प्रश्न : मावशी अमेरिकी नागरिक आहे. तिच्यासोबत संयुक्त खातं काढलं, व्याज कुणाचं? (ओहायो)

खातेदारांपैकी एकानेही डब्ल्यू-९ दिला की बँक ते खातं अमेरिकी समजते आणि पहिल्या नावावर १०९९ काढते. ज्याचे जितके पैसे, त्याचं तितकं व्याज. मावशीच्या वाट्यावर मावशीला कर. वर्षाच्या शेवटी हे सोडवत बसण्यापेक्षा स्वतःचं वेगळं खातं काढा.

प्रश्न : माझी नोकरी नाही, स्कॉलरशिप नाही. ७० डॉलर व्याजाशिवाय उत्पन्नच नाही. पत्नी एफ-२वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे. काय भरू? (पिट्सबर्ग)

फक्त ८८४३. तुमचा एक, पत्नीचा एक, वेगवेगळ्या लिफाफ्यांत. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तर रकाना कोरा ठेवा. सही करून १५ जून २०२६पर्यंत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या आयआरएस केंद्रावर टपालाने पाठवा. नुसता ८८४३ ऑनलाइन जात नाही.